गाडी तिथं माणूस

मित्रांनो, गेवराईच्या बसस्थानकामागे देशी दारूचं एक दुकान आहे. तुमची शाळेची वाट त्याच्यावरूनच जाते. दुकानाच्या भिंतीला टेकून एक गंजकी एम-एटी दुचाकी उभी असते. तिच्या सीटमधला स्पंज उंदरांनी नेलाय, पुढच्या चाकात हवा नाही, आणि टाकीत तुमच्यापैकीच कुणीतरी खडे भरून ठेवलेत. ती म्हातारी एम-एटी म्हणजे मी. येता-जाता तुम्ही मला 'दारुड्याची गाडी' म्हणता. म्हणा बापडे, लहान आहात. पण ज्याची मी गाडी, त्याची गोष्ट तुम्हाला कुणी सांगितलेली नाही. ती ठाऊक असलेली माणसं थोडी, आणि सांगणारं तर कुणीच नाही. म्हणून मीच सांगते.

माझा जन्म पुण्याकडच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. तेव्हा मी निळीशार होते. माझ्यासारख्या कितीतरी बहिणी एका रांगेत उभ्या होत्या आणि प्रत्येकीला वाटायचं, आपल्या नशिबी एखादा शहरातला साहेब येईल. मला मिळाले बीडचे एक गुरुजी. माणूस देवगुणी. शाळा आणि बाजार, एवढंच माझं जग होतं. संध्याकाळी ते मला जुन्या धोतराच्या फडक्याने पुसायचे. पुढे गुरुजींचे गुडघे गेले आणि त्यांनी मला विकलं. विकताना नव्या मालकाला म्हणाले, "हिला चिडून किक मारू नका. गोडीनं मारा, लगेच सुरू होते."

नवा मालक म्हणजे सटवा. गेवराईपासून थोड्या अंतरावर, गोदावरीच्या अंगाला धनगरांची वस्ती आहे, तिथला. बापाची मेंढरं होती, पण रानोमाळ हिंडण्यापेक्षा सटवाला दुधाचा धंदा बरा वाटला. नुकतंच लग्न झालेलं. मला घरी आणलं तेव्हा त्याच्या बायकोने, बबिताने, माझ्या दिव्याला हळदकुंकू लावलं आणि हँडलला लिंबू-मिरची बांधली. सटवाने माझ्या दोन्ही अंगांना दुधाचे कॅन अडकवले आणि मी दूधवाल्याची गाडी झाले.

कामाचे ते दिवस आठवले की अजून माझ्या गंजक्या इंजिनात ऊब आल्यासारखं वाटतं. झुंजुमुंजू झालं की सटवा यायचा, सीटवर थाप मारायचा आणि म्हणायचा, "ऊठ गं बाई, दूध नासंल." मी निळा धूर सोडत निघायची. वस्तीवरच्या घरोघरचं दूध घ्यायचं आणि गेवराईला पोचवायचं. संध्याकाळी पुन्हा तेच. दोन्ही बाजूंना कॅन, मागे पेंडीचं पोतं, त्यावर कधी बबिता, तर कधी पाय मोडलेली मेंढी. मी कधी कुरकुरले नाही. सायली जन्मली तेव्हा दवाखान्यातून तिला घरी आणलं ते मीच. सटवाने पेंटरकडून माझ्या मागच्या मडगार्डवर पिवळ्या रंगात ठसठशीत 'सायली' लिहून घेतलं. मग काय, पंचक्रोशीत मला ओळखत नाही असं पोर उरलं नाही.

सटवाला पायी चालायचा मोठा कंटाळा. हाकेच्या अंतरावर जायचं तरी मला किक मारायचा. त्यामुळे वस्तीवर एक म्हणच पडली होती. कुणी विचारलं, सटवा कुठं हाय, तर उत्तर ठरलेलं: "गाडी बघा कुठं उभी हाय. गाडी तिथं माणूस." तेव्हा त्या बोलण्याचा मला अभिमान वाटायचा. हीच म्हण पुढे त्याच्या घरावरून नांगर फिरवेल, हे मला काय माहीत.

दारू आली ती लखनच्या संगतीने. लखन त्याचा चुलतभाऊ, वाळूच्या ट्रॅक्टरवर होता. खिसा गरम आणि तोंड सैल. एका संध्याकाळी गेवराईत दूध घालून सटवा निघाला होता, तर लखनने त्याला ह्याच दुकानापुढे अडवलं. "दिसभर लोकायसाठी दूध वाहतो बे तू. घोटभर कायतरी सोतासाठी बी पी की." सटवा हसला, मला स्टँडवर लावलं आणि आत गेला. मी बाहेर उभी राहिले. त्या दिवशी मला वाटलं, एकदाच आहे, चालायचंच. मित्रांनो, सगळ्यांना असंच वाटतं.

पुढचं काय सांगू? आधी संध्याकाळ गेली, मग सकाळही गेली. दूध वेळेवर पोचेना, पोचलं तर नासलेलं. एकेका घराने दूध देणं बंद केलं. माझ्या कॅनांना आंबूस वास यायला लागला. मला ऑईल मिळेना, फडकं मिळेना, मिळायच्या त्या लाथा. गुरुजींचं गोडीचं बोलणं तो पार विसरून गेला होता.

बबिता गप्प बसणारी नव्हती. तिने त्याला खंडोबाच्या देवळात नेलं, सगळ्या वस्तीसमोर बेलभंडारा उचलायला लावला. हातावर बेल आणि हळद घेऊन सटवा रडत म्हणाला, "आजपसून शिवणार न्हाई." आठवडाही टिकलं नाही. पुन्हा उचलला, पुन्हा मोडला. वस्तीवर त्याची गंमत झाली. म्हातारे म्हणायचे, "कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच." पोरं त्याच्या मागे ओरडायची, "सटवामामा, भंडारा घ्या, चखना म्हून!" शेवटी एकदा त्याने सायलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. तीही मोडली, आणि नेमका त्याच आठवड्यात सायलीला टायफॉईड झाला.

ताप कशाने येतो हे डॉक्टरांनी सांगितलं, पण आईचं काळीज डॉक्टरांचं कुठं ऐकतं! पोरगी उठून बसली त्या दिवशी बबिता अंगणात माझ्याशेजारी उभी राहून नवऱ्याला म्हणाली, "आता पुन्हा शपथ घ्यायची न्हाई. दारू सोडतो ह्ये शब्द तोंडातून काढायचे न्हाईत. तुजं बोलणं खोटं अन् मार माझ्या लेकीला. प्यायची तर पी. पण सोडतो म्हनलास, तर मी ह्या घरात ऱ्हाणार न्हाई."

सटवाने मान खाली घातली. ते वाक्य त्याच्या मनात कायमचं रुतलं.

त्यानंतरच्या होळीला तो मला घेऊन कालव्याच्या पुलाच्या कठड्यावर जाऊन आदळला. माझं हँडल वाकडं झालं, त्याच्या कपाळाला खोक पडली. सायकलवरून एक म्हातारे गृहस्थ चालले होते, ते उतरले. एस.टी.च्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले माणिकराव. त्यांनी आधी सटवाच्या कपाळाला आपला रुमाल बांधला, मग पुलाच्या कठड्याला पाय लावून माझं हँडल सरळ केलं.

"घेतली होती?" त्यांनी विचारलं.

"थोडी."

"मी बी थोडीच घेत होतो. थोडी थोडी करून नोकरी जायची बाकी ऱ्हायलती." मग ते शांतपणे म्हणाले, "मी दारुडा हाय, बाबा. लई वर्षं झाली, घेतली न्हाई. पण दारुडाच हाय. आमी काहीजण गुरुवारी दिवेलागणीला मिटिंगला बसतो. शपथ न्हाई, भंडारा न्हाई. नुसतं बसायचं अन् खरं बोलायचं. ये."

शपथ नाही म्हटल्यावर सटवाने मान वर केली. "कुठं बसता?"

"इहाराच्या मागच्या खोलीत. पाटी न्हाई लावलेली. पाटी लावली तर येतंय कोण?"

आता गंमत ऐका, म्हणजे आज गंमत वाटते. विहार कुठला, हे विचारायचं सटवा विसरला. गेवराईत फिरून लोकांना 'दारू सोडायची मिटिंग कुठं' असं विचारायची त्याची जीभ रेटेना. पहिल्या गुरुवारी त्याने पानटपरीवर नुसतं विचारलं, "आज मिटिंग कुठं हाय?" टपरीवाल्याने शाळेच्या व्हरांड्याकडे बोट दाखवलं. तिथे पंधरा-वीस बाया बसल्या होत्या. सटवा मागे जाऊन गपचूप बसला. एवढ्या साऱ्या बाया पितात, ह्या विचारानेच बिचाऱ्याला घाम फुटला. तो बायकांचा बचत गट होता. त्यांनी त्याला हसून हसून घालवला.

दुसऱ्या गुरुवारी टपरीवाल्याने त्याला एका मांडवात धाडलं. निवडणूक जवळ आली होती, उमेदवाराची मिटिंग होती. भाषण झालं, पुरी-भाजी झाली, आणि निघताना प्रत्येकाच्या हातात कागदात गुंडाळलेली बाटली पडली. दारू सोडायला गेलेला माझा मालक त्या दिवशी झोकांड्या खात घरी आला. मी कशी आणली माझं मला माहीत.

तिसऱ्या गुरुवारी मात्र माणिकरावच रस्त्यात भेटले आणि त्यांनी त्याला हाताला धरून नेलं. मला विहाराच्या मागच्या खिडकीखाली लावलं. आत पाच-सहा खुर्च्या, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. माणिकरावांच्या पत्नी मुक्ताबाई चहा देऊन निघून गेल्या. एकेकजण उठायचा, आपलं नाव सांगायचा आणि म्हणायचा, "मी दारुडा आहे." बाकीचे त्याला नमस्कार करायचे. कुणी हसत नव्हतं. मी पुष्कळ शिव्या ऐकल्या आहेत, पण हा शब्द एवढ्या आदराने उच्चारलेला मी तेव्हाच ऐकला. सटवाची पाळी आली तर त्याला रडूच फुटलं. माणिकराव म्हणाले, "ऱ्हाऊ दे. आज एवढंच बास. आन् एक ध्यानात ठेव, हितं कोण आलं, काय बोललं, ह्ये ह्या खोलीच्या बाहीर जात न्हाई."

मित्रांनो, माणसं बाहेर काही नेणार नव्हती, पण मी बाहेरच उभी होते ना! मडगार्डवर 'सायली' लिहिलेलं, सगळ्या जगाला दिसेल असं. दोन-तीन गुरुवार झाले असतील नसतील, लखनने मला तिथे पाहिलं. खिडकीला तोंड लावून तो ओरडला, "काय बे सटव्या, दारुड्यायच्या शाळेत नाव घातलं का? अन् ती बी ह्या आळीत? आपल्यात जागा न्हवती का?" दुसऱ्या दिवशी वस्तीभर झालं. पोरं पाटी-पेन्सिल घेऊन आडवी यायला लागली. आणि सटवाला सगळ्यात मोठी भीती ही, की हे बबिताच्या कानावर जाईल, आणि दारू सोडतो म्हणून हा पुन्हा निघालाय असं तिला कळेल. त्या धसक्यानेच तो पुन्हा प्याला. त्या वेळी बबिता शेळीच्या बाळंतपणात गुंतलेली होती, तिच्यापर्यंत ते बोलणं पोचलं नाही. पोचलं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

मग माणिकराव वस्तीच्या फाट्यावर येऊन उभे राहिले. रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "गुरुवार हाय आज." आणि तेव्हा सटवाने ती युक्ती काढली.

"येतो. पण गाडी दारूच्या दुकानापुढं लावतो अन् पायी येतो."

"येडा का काय बे तू?" माणिकराव प्रथमच चढ्या आवाजात बोलले.

"दादा, दुकानापुढं गाडी दिसली तर कुणी इचारत न्हाई. सटव्या पितोय, त्यात नवीन काय? इहारापुढं दिसली तर सारं गाव इचारतं."

"आरं, ताडाखाली बसून दूध प्यालं तरी लोक ताडीच म्हणत्यात. आन् इस्तवापाशी लोणी ठेवायचं, वर म्हणायचं पाघळू नको, ह्ये कुठलं श्यानपण?"

पण ज्याच्यावर गाव हसलंय त्याला गावाचीच भीती फार असते. सटवाने ऐकलं नाही. दर गुरुवारी तो मला इथे, ह्याच भिंतीपाशी उभी करायचा. दाराकडे न बघता, श्वास धरल्यासारखा, बसस्थानकामागच्या बोळातून निघून जायचा. चालायचा कंटाळा असलेला माणूस, पण ते अंतर मुकाट्याने चालायचा. परत आला की माझ्यावर बसून आधी मोठा श्वास सोडायचा. वाटेत मग तो माझ्याशी बोलायचा. आज कोण काय म्हणालं ते नाही, ते त्याने मलाही कधी सांगितलं नाही. स्वतःचंच सांगायचा. "आज बी न्हाई घेतली गं बाई. फक्त आजचं बघायचं, असं दादा म्हणत्यात. उद्याचं उद्या."

उन्हाळा गेला. कॅनांचा आंबूस वास गेला. दोन घरांनी पुन्हा दूध घालायला सुरुवात केली. मला ऑईल मिळालं, फडकं मिळालं. बबिता काही बोलली नाही. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, तशी ती त्याच्याकडे नुसती बघायची. पण एका सकाळी ती बाहेर आली, इकडेतिकडे बघितलं आणि माझ्या हँडलला नवी लिंबू-मिरची बांधली. मला घरी आणलं त्या दिवसानंतर प्रथमच. मला कळलं, नवऱ्याच्या तोंडाचा वास गेलाय हे तिला समजलंय, आणि दृष्ट लागू नये म्हणून ती गप्प आहे. हा तिच्या भीतीने गप्प, ती नशिबाच्या भीतीने गप्प. मित्रांनो, त्या घरात सुख आलं होतं आणि दोघांतल्या एकानेही त्याचं नाव घेतलं नाही.

श्रावण लागला. नागपंचमीच्या आधीचा गुरुवार होता. बबिताचा भाऊ बंकट तेलगावला राहायचा, दर पंचमीला ती त्याच्याकडे जायची. वाटेने सटवा मला म्हणाला, "आज आल्यावर सांगतो तिला. शपथ म्हून न्हाई, नुसतं सांगतो. अन् उद्या मीच तिला तुज्यावर बसवून तेलगावला नेतो." त्याचा आवाज एवढा हलका मी कित्येक दिवसांत ऐकला नव्हता. नेहमीप्रमाणे त्याने मला इथे लावलं आणि तो बोळात शिरला.

बऱ्याच वेळाने बसस्थानकाकडून बबिता आणि सायली आल्या. पंचमीच्या बांगड्या भरायला दोघी वस्तीवरच्या कुणाच्या तरी रिक्षातून आल्या होत्या. दोघींच्या हातांत हिरव्या बांगड्या किणकिणत होत्या. सायली काहीतरी सांगत हसत होती. आणि हसता हसता तिने आपलं नाव वाचलं.

बबिता माझ्यापुढे उभी राहिली. तिने माझ्या इंजिनाला हात लावला. इंजिन गार होतं. म्हणजे गाडी इथे येऊन बराच वेळ झालाय, हे तिला कळलं. दुकानदार दारात तंबाखू मळत होता. तिने विचारलं, "ह्या गाडीचा माणूस आत हाय का?"

त्याने आत वळूनसुद्धा पाहिलं नाही. "गाडी हाय म्हंजे असंल की. दर गुरुवारी असतीच गाडी. गाडी तिथं माणूस."

"दर गुरुवारी?" बबिताने इतक्या हळू विचारलं की ते फक्त मलाच ऐकू आलं.

सायली म्हणाली, "आई, मी आत जाऊन बघून येते."

"नको." बबिताने तिचा हात घट्ट धरला. "तुज्या बापाला तसलं बघायला नको तू. मला बी न्हाई बघायचं."

आत चार पावलांवर बाकं होती. आत सटवा नव्हता. एकदा डोकावून बघितलं असतं तर दिसलं असतं की तो तिथे नाही. मी काय करू शकत होते? मला हॉर्न होता, पण तो दाबायला माणूस लागतो. आयुष्यात मला कधी बोलता येत नाही म्हणून वाईट वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं. बबिताने हँडलची लिंबू-मिरची तोडली, रस्त्यावर टाकली आणि लेकीला घेऊन तेलगावच्या बसमध्ये बसली.

सटवा त्या दिवशी उशिरा आला, कारण खोलीत त्या दिवशी तो प्रथमच भरभरून बोलला होता. बबिताबद्दल बोलला होता. घरी आलो तर दाराला कुलूप. शेजारच्या म्हातारीने किल्ली दिली, "पंचमीला गेली की भावाकडं. रिक्षावाल्यासंगं निरोप धाडलाय तिनं." त्याला वाटलं, सणाच्या ओढीने गेली. पंचमी होऊ द्या, मग आणायला जाऊ. पंचमीला माहेरी गेलेली बाई पंचमी झाली की परत येते. बबिता आली नाही. सटवाने फोन केला. फोन बंकटने घेतला.

अंगणात माझ्याजवळ उभा राहून सटवा बोलत होता, म्हणून मला ऐकू आलं. "मी आत नव्हतो, पाव्हणं. खरं सांगतो. गाडी तिथं होती, मी नव्हतो."

पलीकडून मोठ्याने हसू आलं. हसणाऱ्याचंही काय चुकलं? असं कोणता दारुडा म्हणत नाही!

सटवाने फोन खिशात टाकला. मग त्याने मला किक मारली. मला वाटलं, तेलगावला निघालो. नाहीतर माणिकरावांकडे तरी. पण त्याने मला इथे आणलं. त्या दिवशी गुरुवार नव्हता. माझ्यावरून उतरून तो म्हणाला, "सगळ्यायला मी आतच दिसतो ना, मंग आतच बसतो." आणि इतके दिवस ज्या दाराकडे तो बघतही नव्हता, त्या दारातून तो आत गेला.

तो गुरुवारी आला नाही म्हणताना माणिकराव शोधत इथे आले. सगळं ऐकून ते मटकन माझ्या सीटवर बसले. खोलीत कोण येतं ते बाहेर सांगायचं नाही, हा नियम त्यांनी उभा जन्म पाळला होता. तो मोडायचा ठरवून त्यांनी सटवाकडून किल्ली घेतली आणि त्या वयात मला एवढ्या लांब तेलगावपर्यंत नेलं. कापसाच्या रानांमधून जाताना ते स्वतःशी पुटपुटत होते, काय बोलायचं ते ठरवत होते.

दारात बंकट उभा होता. माझ्याकडे बघूनच त्याच्या कपाळाची शीर उठली. माणिकरावांनी हात जोडले. आणि मित्रांनो, इतक्या वर्षांची सवय! परक्या माणसापुढे मनातलं खरं बोलायचं म्हटलं की त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य एकच निघायचं. "मी माणिकराव. मी दारुडा हाय."

"वा!" बंकट म्हणाला. "दारुड्याचा साक्षीदार दारुडा. अन् आलाय बी त्याच्याच गाडीवर."

"न्हाई, ऐका तर. मी घेत न्हाई आता. दर गुरुवारी तुमचा मेव्हणा माझ्यापुढं बसलेला असायचा. दुकानात न्हाई, माझ्यापुढं."

"मंग दोघं मिळून पीत असाल. निघा तुमी."

बबिता रानात खुरपणीला गेली होती. सायली मात्र दाराआड उभी होती. माणिकराव मला वळवत होते तेव्हा ती बाहेर आली, माझ्या मडगार्डवरच्या आपल्या नावावरून तिने बोट फिरवलं, आणि मामाने हाक मारताच आत पळाली.

सायलीने आईला सांगितलं, पण लगेच नाही. मामाच्या घरात मामाच्या विरुद्ध बोलणं पोरीला सोपं नव्हतं. दिवाळी होऊन गेली, थंडी पडली, तेव्हा कधीतरी तिने सांगितलं. हे सारं मला नंतर कळलं. आधी बबितालाही खरं वाटलं नाही. मग तिने आठवून बघितलं. उन्हाळाभर, आषाढभर, नवऱ्याच्या तोंडाला वास नव्हता. पुरावा तिच्याजवळच होता. चार पावलांवरून ती परत फिरली होती, हे तिला उमगलं.

ती इथे आली. सायलीला घेऊन, भावाला न सांगता. मी ह्याच भिंतीला होते. तोवर सटवा मला घरी नेईनासा झाला होता. स्वतःच धड घरी जात नव्हता. बबिताने पुन्हा माझ्या इंजिनाला हात लावला. गारच होतं. दुकानदार तंबाखू मळत होता. ह्या वेळी तिने त्याला काही विचारलं नाही. पदर खोचला आणि ती आत गेली.

ह्या वेळी तो आत होता.

बाकाखाली भिंतीशी अंग मुडपून पडला होता. पाय सुजलेले, डोळे हळदीसारखे पिवळे. बबिता त्याच्याजवळ बसून मोठ्याने म्हणाली, "मला कळलं. तुमी आत नव्हते. चला घरी. मला कळलंय सारं." सटवाने तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, "कोण? कोण हाय?" मग म्हणाला, "एक भरा हो, बाई." तो आवाज मी बाहेर उभी राहून ऐकला. दोघी मायलेकींनी त्याला धरून बाहेर आणलं आणि रिक्षात घातलं. माझ्याजवळून जाताना सटवाचा हात माझ्या सीटला लागला. थाप मारल्यासारखं मला वाटलं. तो नुसता आधार असेल.

मला न्यायला परत कुणी आलं नाही. संक्रांतीच्या सुमारास लखन इथे आला. दुकानदाराला म्हणाला, "सटवा गेला. लिवर संपलं म्हणे." दुकानदार म्हणाला, "आरं आरं. मंग ती गाडी उचला की, जागा अडतीय." लखनने माझ्याकडे बघितलं आणि तो आत गेला.

तर अशी मी. माझं पेट्रोल केव्हाच उडून गेलं, रंग उन्हाने खाल्ला. 'सायली'मधला 'सा' तेवढा अजून वाचता येतो. दर गुरुवारी दिवेलागणीला माणिकराव बोळाकडे जाताना क्षणभर थांबतात. आता काठी घेऊन चालतात. दुकानाच्या दाराशी जातात, मान आत घालून प्रत्येक बाकावरचा माणूस नीट बघतात, कुणी ओळखीचं असेल तर "गुरुवार हाय आज" म्हणतात. बहुतेक वेळा कुणी उठत नाही. ते एकटेच पुढे जातात.

मित्रांनो, माझ्या टाकीत खडे भरा, हवं तर माझ्या चाकाचे आरे काढून न्या, मला आता त्याचं काही वाटत नाही. एवढंच करा. तुमच्या घरातलं कुणी असं वाया गेलंय असं लोक सांगू लागले, बाहेर उभ्या असलेल्या गाडीवरून, चपलेवरून, चार माणसांच्या बोलण्यावरून सांगू लागले, तर मागे फिरू नका. आईचा हात सोडवून घ्या आणि चार पावलं आत जाऊन बघा. कदाचित तो तिथे असेलही. पण कदाचित नसेल.